चार्जर दिसतो, रोहित्र दिसत नाही

चार्जिंग स्टेशन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पडदा आणि जाड केबल असलेला खांब. पैसा मात्र बराचसा त्याच्यामागे जातो. ६० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर म्हणजे पाच किलोवॉट मंजूर भाराच्या बारा घरांची वीज एकट्याला. असे तीन-चार एकत्र बसवायचे तर वेगळं रोहित्र हवं, केबल हवी, रस्ता खणायची परवानगी हवी. शिवाय जिथे मागणी आकार लागतो तिथे गाड्या येवोत न येवोत, तो दरमहा बिलात हजर. गाड्या थोड्या असताना खासगी माणूस यात उतरायला बिचकतो आणि वाटेत चार्जर नाही म्हणून गिऱ्हाईक गाडी घ्यायला. हा पेच सोडवायला सरकारी पैसा लागतो.

२०२३ मध्ये विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या 'फेम-२' योजनेतून तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. केंद्राच्याच 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठीच आहेत. तिची वाटणी मला शहाणपणाची वाटते. सरकारी आवारात सर्वांना खुलं स्टेशन असेल, तर रोहित्र-केबल आणि चार्जर, दोन्हींचा पूर्ण खर्च मिळतो. मॉलमध्ये किंवा बाजारात अनुदान फक्त रोहित्र-केबलच्या खर्चाला, तेही ८० टक्के. चार्जर ज्याचा त्याने घ्यायचा. धंदा चालला नाही आणि चार्जरवाला गेला, तरी वीज तिथवर आलेली राहते.

नुसती तरतूद पुरत नाही, हे अमेरिकेत दिसलं. २०२१च्या कायद्याने महामार्गांवर दर ५० मैलांना स्टेशन उभारायला पाच अब्ज डॉलर ठेवले. त्यातलं पहिलं स्टेशन ओहायोत सुरू व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला!

खरी अडचण महामार्गावर नाहीच. गाडी रात्री घरी चार्ज होते आणि मुंबई-पुण्यात घर म्हणजे सोसायटीचं पार्किंग. राज्याच्या २०२५च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत सगळं पार्किंग चार्जिंगसज्ज ठेवायला सांगितलं, ते बरंच झालं. पण बहुतेक लोक जुन्या इमारतींत राहतात. तिथे मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत वायर ओढायची म्हटली की कमिटीत वाद. अनुदानाचा पुढचा हप्ता या वायरींवर आणि वाढीव भारावर खर्च व्हायला हवा. तोवर सभासदांनी एवढं करावं: येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर भारवाढीच्या अर्जाचा विषय घालावा, आणि तो पार्किंगच्या भांडणाआधी घ्यायला लावावा.