आठ मात्रांत तीन टाळ्या

आठ मात्रा सारख्या लयीत मोजा आणि पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्या. ३+३+२. क्यूबाच्या संगीतात या ठेक्याला ‘त्रेसियो’ म्हणतात. तिथल्या जुन्या हाबानेरात तो आहे आणि २०१७ साली जगभर गाजलेल्या ‘देस्पासितो’च्या रेगेटॉन ठेक्यातही.

गंमत म्हणजे हा ठेका निव्वळ हिशेबानेही काढता येतो. आठ मात्रांत तीन ठोके शक्य तितके समान विखरायचे आहेत. म्हणजे तीन ठोके, पाच रिकाम्या मात्रा. प्रत्येक ठोक्यामागे एकेक रिकामी मात्रा लावली की दोन उरतात. त्या पहिल्या दोघांना दिल्या की वाटणी पूर्ण: तीन, तीन, दोन. तीनऐवजी पाच ठोके घेतले, तर २+१+२+१+२ असा क्यूबाचाच ‘सिंकियो’ मिळतो.

उरलेले पुन्हा पुन्हा वाटत जाण्याची ही रीत शाळेत मसावि काढताना सगळ्यांनी वापरलेली असते. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडने ती लिहून ठेवली. अमेरिकेत एरिक ब्योर्कलुंड यांनी न्यूट्रॉन-यंत्रातील स्पंदांच्या वेळा समान विखरण्यासाठी अशीच रीत बसवली. तिच्यातून निघणाऱ्या आकृत्या आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या पारंपरिक ठेक्यांशी जुळतात, हे २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तूसाँ यांनी दाखवले. तेव्हापासून ‘युक्लिडियन ठेका’ हे नाव रूढ झाले. आज ‘टायडल सायकल्स’सारख्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये वाद्याच्या नावापुढे कंसात ३ आणि ८ एवढे आकडे लिहिले की त्रेसियो वाजू लागतो.

आपल्या तालांचे काय?

रूपकाच्या सात मात्रांचे विभाग ३+२+२. सातांत तीन ठोके विखरले की २+२+३ येते; सुरुवातीची जागा बदलली की रूपकाची मांडणी हाती येते. झपतालाचे २+३+२+३ हेही दहांत चार ठोक्यांच्या हिशेबात चपखल बसते. पण तूसाँ यांनाही काही भारतीय ताल अपवाद म्हणून सोडावे लागले. चौदा मात्रांचे दोन ताल शेजारी ठेवले की कारण कळते. दीपचंदीचे विभाग ३+४+३+४. तो या रीतीने निघतो. धमारचे ५+२+३+४; मात्रा तेवढ्याच, विभागही चारच, तरी तो कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी निघत नाही.