निरपराध माणसाचे खासगीपण

‘कर नाही त्याला डर कशाला?’ हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. ज्याने गुन्हा केलेला नाही, त्याची कागदपत्रे, पत्रव्यवहार वा बँकेचे खाते कुणी पाहिले तर त्याने तक्रार का करावी, असे भल्या माणसांनाही वाटते. परंतु माणूस लपवितो ते केवळ पाप, असे यात गृहीत धरलेले असते. आणि ते गृहीतच चुकीचे आहे.

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या धान उत्पादकाचे उदाहरण घ्यावे. घरात मुलीचे लग्न ठरले आहे, सोसायटीच्या कर्जाची मुदत तोंडावर आली आहे. यात लाजिरवाणे काहीच नाही. तथापि ही अडचण व्यापाऱ्याला आधीच कळली, तर तो धानाचा भाव पाडून मागतो. कारण विकणाऱ्याला थांबणे शक्य नाही, हे तो जाणतो. एकाला दुसऱ्याचे सारे ठाऊक असले की सौदा बरोबरीचा राहत नाही. मालक आणि नोकर, सरकार आणि नागरिक यांनाही हाच न्याय लागू पडतो.

मत देणे हाही गुन्हा नव्हे. तरीही मतदान केंद्रात आडोसा असतो आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ अन्वये कुणालाही आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. मजुराचे मत मालकाला कळले, तर ते मजुराचे राहत नाही.

घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, अशी मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात केली होती. घटनेत ती तरतूद आली नाही. १९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले व पराभूत झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी झडतीच्या एका प्रकरणात, घटनाकारांनी असा हक्क मान्य केलेला नाही, असे म्हटले. ही भूमिका नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने रद्द ठरविली व खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या खटल्यातील याचिकाकर्ते न्या. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. आधार योजनेला त्यांनी दिलेले आव्हान स्वतःचे काही लपविण्यासाठी नव्हते.

कल्याणकारी राज्याला माहिती लागतेच. धान्य खऱ्या गरजूला मिळावे म्हणून रेशन दुकानात अंगठ्याचा ठसा घेण्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्याच कामी वापरली जाऊ नये, यासाठी कायद्याचा बांध हवा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. बांधाची ही फट लहान नव्हे.

ज्याने काही केले नाही त्याला भीती नसावी, हे खरे. मात्र ती निर्भयता केवळ त्याच्या निर्दोषपणातून येत नाही. पाहणाऱ्याच्या अधिकाराला मर्यादा असेल, तरच ती टिकते.