धुण्याचाही तोडणी कार्यक्रम



या पानावर एरवी आम्ही बेणे, खते, ठिबक आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहितो. या वेळी विषय घरातला आहे : आठवड्याचं धुणं. एका सभासदांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तुम्ही उसाचं सांगा, धुण्याचं बाया पाह्यतीन." बाया पाहतातच. परंतु विहिरीचा उपसा, वीज, परसातली जमीन आणि फवारणीचे औषध हे सगळे त्या धुण्यात येते, आणि हे विषय ऊस विकास खात्याच्या कक्षेबाहेरचे आहेत असे आम्हांस वाटत नाही. शिवाय ज्या घरची बाई सकाळचे तीन तास मोरीपुढे बसते, त्या घरचे निंदण दुपारनंतरच सुरू होते, हे शिवारात फिरताना आम्ही डोळ्यांनी पाहतो.

कारखान्याची रोजची गाळप क्षमता ठरलेली असते. सगळ्यांनी ऊस एकाच दिवशी तोडून आणला तर गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. म्हणून लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणी कार्यक्रम लावावा लागतो. (तो मोडला म्हणून होणारी ओरड आमच्याच टेबलावर येते, ते वेगळे.) घरात मात्र पाच-सहा दिवस कपडे कोपऱ्यात साचतात आणि एका दिवशी तो सगळा डोंगर एका माणसापुढे येऊन पडतो. घरालाही क्षमता असते. पाणी किती, वाळत घालायला दोरी किती, आणि धुणाऱ्याची कंबर किती, या तिहींत जे सर्वांत कमी तीच त्या घराची क्षमता. दोरी वीस हात आणि धुणं चाळीस हातांचं, अशी गत असेल तर पाणी कितीही असो, अर्धे कपडे ओलेच गुंडाळून राहतात आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो म्हणून पुन्हा धुवावे लागतात.

तेव्हा आधी वजन करा. धान्य मोजायचा ताणकाटा पुष्कळ घरी असतो. एक आठवडा मळके कोरडे कपडे पोत्यात भरून काट्याला लावावेत. साधारण सदरा पाव किलोचा, जीनची पँट अर्ध्या किलोच्या पुढे, सुती लुगडं त्याच्याच आसपास, पलंगाची चादर पाऊण किलोपर्यंत. सहा माणसांच्या घरात, त्यांत शाळेची दोन पोरं धरली तर, आठवड्याचे कुठेतरी वीस-पंचवीस किलो भरते. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या वजनाइतके तरी पाणी राहते. म्हणजे मोरीपासून दोरीपर्यंत आठवड्याला चाळीस-पन्नास किलो ओले ओझे जाते. युरियाची गोणी ४५ किलोची. ती गाडीतून उतरवताना आपण दोघे जण लागतो.

आता पाणी. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले, त्यात खेड्यातल्या माणसाला रोजचे ५५ लिटर पाणी धरले आहे. सहा माणसांचे ३३० लिटर झाले, त्यातच पिणे, स्वयंपाक, अंघोळ, भांडी. पाच-सहा किलो कपडे भिजवून, घासून, तीनदा विसळायचे म्हटले तर पंधरा लिटरच्या सहा-सात बादल्या लागतात, म्हणजे शंभर लिटरच्या आसपास. पंचवीस किलो एकाच दिवशी काढले तर चारशे लिटरच्या वर गेले. अंघोळीलाही पाणी उरत नाही. तेच धुणं आठवड्यातून चार वेळा काढलं तर रोजच्या पाण्यात भागतं. ज्या गावाला नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथे हे जमायचे नाही, हे आम्ही जाणतो. तिथे डोंगर साचतो तो आळसाने नव्हे. अशा ठिकाणी चार पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी साठवणीच्या टाकीवर खर्चावेत, यंत्र मागाहून.

पाणी वाचवायची एक युक्ती तर आपल्या कारखान्यातच आहे. उसाच्या चिपाडातला रस काढायला शेवटच्या मिलवर पाणी मारतात. तिथून निघालेला पातळ रस आधीच्या मिलवर उलटा फिरवतात. चिपाड पुढे जाते, पाणी मागे येते. याला इंबिबिशन म्हणतात. विसळताना हेच करावे. तीन बादल्या ओळीने ठेवाव्यात. कपडा पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जावा. पहिली गढूळ झाली की ती टाकायची, दुसरीचे पाणी पहिलीत, तिसरीचे दुसरीत, आणि ताजे पाणी फक्त तिसरीत. घाणेरड्या पाण्यात स्वच्छ कपडा परत कधीच पडत नाही आणि एक-दोन बादल्या प्रत्येक धुण्याला वाचतात.

पाळी कशी लावावी हे घरोघर निराळे. आमचे सांगणे इतकेच, की शाळेचे गणवेश आठवड्यात दोनदा आपापल्या दिवशी निघावेत आणि चादरी एका आठवड्याला अर्ध्या, दुसऱ्याला अर्ध्या. बाजाराच्या दिवशी धुणं काढू नये. शेतातले मातीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते आधी कोरडेच झटकले तर निम्मी माती अंगणात राहते. आतले कपडे आणि पंचा रोज धुवायलाच हवा, पण तासभर लग्नाला घालून गेलेला सदरा धुण्यात टाकायचे कारण नाही. तो दोरीवर वाऱ्याला टाकावा. कॉलेजातल्या मुलांच्या जीनच्या पँटींबद्दल आम्ही काही बोलत नाही, पण ज्याची पँट त्याने पिळावी. गोधडी तर दोन माणसांशिवाय पिळूच नये.

पूर्वी गावचा परीट कपडे नेई आणि सुगीला त्याचे बलुते खळ्यावर मिळे. गाडगेबाबा याच समाजात, १८७६ साली, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. बलुतं गेलं आणि ते सगळं काम घराघरांतल्या एकेका बाईवर आलं. त्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

यंत्र घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. सात किलोचे यंत्र म्हणजे कोरडे कपडे सात किलो. त्यात दहा कोंबले तर मळ निघत नाही आणि साबण कपड्यातच राहतो. वरून कपडे टाकायच्या आपोआप यंत्राला एका वेळी शंभर लिटरच्या पुढे पाणी लागू शकते, पुढून दार असलेल्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन खणांच्या साध्या यंत्रात एक सोय आहे : आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले, असे तिन्ही हात एकाच साबणपाण्यात काढता येतात. पाण्याची टंचाई असलेल्या घराला आम्ही हेच सुचवू.

पाण्याच्या जातीचा प्रश्न मात्र आपल्या जिल्ह्यात मोठा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागांतून जातो. तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ. त्यात साबण कितीही घासा, फेस येत नाही, पाण्यावर दह्यासारख्या गुठळ्या तरंगतात आणि पांढरा कपडा चार धुण्यांत करडा होतो. घाटावरच्या काही विंधन विहिरींचे पाणीही दुष्फेन असते. त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण आधी त्यांच्याशी लढण्यात खर्च होतो. इलाज असा : धुण्याचा सोडा बादलीत आधी टाकावा, विरघळवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, खाली पांढरट साका बसतो, मग वरच्या पाण्यात साबण. सोडा आणि साबण एकदम टाकले तर निम्मा साबण वाया जातो. खारपाणपट्ट्यातल्या मिठाळ पाण्याला मात्र सोड्याने गुण येत नाही, उलट खार वाढतो. तिथे साबणवडीपेक्षा पावडर बरी, आणि शेवटचे विसळणे तरी गोड्या पाण्यात करावे.

खार आणि साबण यांचे आपल्या जिल्ह्याशी नाते जुने आहे. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त लोणारच्या परिसराची नोंद आहे, की काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ इथे मिळतात. उल्कापाताने झालेल्या त्या सरोवराचे पाणी सोड्यासारखे क्षारीय आहे. आज ते अभयारण्य आहे आणि २०२० साली रामसर यादीत गेले. तेव्हा तिथला खार आणण्याचा विचार कुणी करू नये. पापडखार आणि सोडा दुकानात मिळतो.

सगळ्यांत चांगलं धुण्याचं पाणी आभाळातून येतं आणि आपण ते पन्हाळीतून नालीत सोडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी झाले. तीस चौरस मीटरचे टिनाचे छप्पर आणि दहा मिलिमीटरची एक सर, म्हणजे तीनशे लिटर. थोडे वाहून जाते असे धरले तरी दोन-अडीच धुणी निघतात, आणि साबण कमी लागतो तो वेगळाच. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, छपरावरची धूळ त्यात असते.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ते सांगतो. फवारणीचे कपडे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. फवारणाऱ्याबद्दल तेव्हा पुष्कळ बोलले गेले. त्याचा सदरा संध्याकाळी ज्या बादलीत पडतो तिच्यात लेकराची झबलीही भिजत असतात आणि धुणारीचे हात उघडे असतात, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आपल्या सभासदांकडे ऊस आहे, तशीच कपाशी आणि सोयाबीनही आहे. पंप प्रत्येकाच्या खांद्यावर असतो.

फवारणीचा एक जोड वेगळा ठेवावा आणि तो पोत्याच्या ढिगात कधीच टाकू नये. ज्याने फवारले त्याने तो त्याच दिवशी, रबरी मोजे घालून, वेगळ्या बादलीत धुवावा. शिळा झाला की औषध धाग्यात मुरते. आधी साध्या पाण्यातून काढावा, मग साबणाने दोनदा धुवावा, भर उन्हात वाळवावा, आणि बादली साबणाने धुऊन बाजूला ठेवावी. ते पाणी विहिरीच्या काठी, नाल्यात किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नये. अंगावर घट्ट औषधच सांडले असेल तर तो कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावा. "चांगला सदरा होता" म्हणून त्याचे पायपुसणे करू नये आणि गोधडीत तर मुळीच घालू नये. गोधडीखाली पोरं झोपतात.

साबणाच्या पाण्याबद्दलही लोक विचारतात, की ते परसबागेला चालेल काय. विसळण्याचे पाणी केळीला, अळूला चालते. पहिले साबणपाणी रोज एकाच आळ्यात टाकू नये. सोड्यातला आणि पावडरीतला सोडियम काळ्या मातीत साठत जातो, माती पाण्यात विरते, वाळल्यावर दगडासारखी होते आणि पाणी मुरत नाही. रानात जिला आपण चोपण म्हणतो आणि जिच्यासाठी जिप्सम मागायला येता, तीच जमीन परसात तयार होते. ते पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

हंगामात ऊसतोड टोळ्या आपल्या बांधावर कोप्या करून राहतात. त्या बायांना पहाटे फडात जायचे असते, धुणं काढायला रात्रीखेरीज वेळ नाही आणि पाणी तर नाहीच. उसाची कूस कपड्यात शिरली की धुतल्याशिवाय खाज जात नाही. सभासदांनी आठवड्यातून दोनदा, दिवसा वीज असेल तेव्हा, मोटारीचे पाणी त्यांच्यासाठी तासभर सोडावे अशी आमची विनंती आहे. काही जण आत्ताही सोडतात.

आपल्या पाण्याची जात कळावी म्हणून मातीच्या नमुन्यासोबत पाण्याचाही नमुना गट कार्यालयात द्यावा. मोटार दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून, एक लिटर भरावे, बूच घट्ट लावावे. बाटलीवर नाव, गट नंबर आणि हे पाणी धुण्याला वापरतो की फक्त उसाला, ते लिहावे.