४ जुलैच्या कागदावर सह्या नाहीत

टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठातून पदवी घ्यायची, तर विषय इंजिनिअरिंगचा असो की नर्सिंगचा, अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट पूर्ण करावे लागतात. राज्याचा तसा कायदाच आहे. बारावीनंतर थेट तिकडे गेलेली आपली मुलं या अटीपाशी थबकतात आणि सीनियर मंडळींचा ठरलेला सल्ला मिळतो: इतिहासच आहे ना, ऑनलाइन घेऊन टाक, एकदाचा उरकेल. इथे घरी बसून हौसेने असा कोर्स करू पाहणाऱ्यांचाही समज फारसा वेगळा नसतो. अमेरिकेला इतिहास तो कितीसा, जेमतेम अडीचशे वर्षांचा. आणि ऑनलाइन म्हणजे व्हिडिओ पुढे ढकलत पाहायचे, शेवटी चारांतला एक पर्याय निवडायचा. विषय छोटा म्हणून अभ्यास सोपा आणि पडद्यावर म्हणून आणखी सोपा, असं हे गणित दोन्ही बाजूंनी चुकतं. आरंभीच्या अमेरिकेचा इतिहास हा मुख्यतः मूळ कागद वाचण्याचा अभ्यास आहे आणि ते कागद आज सर्वांत सहज मिळतात ते पडद्यावरच. त्यामुळे हा विषय ऑनलाइन घेतल्याने पातळ होत नाही. शिकवणाऱ्याने मनावर घेतलं तर उलट घोकंपट्टीला तिथे कमी वाव उरतो.

आधी तासांचा हिशेब पाहू. अमेरिकन कॉलेजात १ क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास स्वतःचा अभ्यास. ३ क्रेडिटच्या कोर्सला म्हणजे सुमारे १३५ तास लागतात. कोर्स ऑनलाइन असला म्हणून यात सूट नसते. हाच कोर्स ८ आठवड्यांत बसवलेला घेतला, तर आठवड्याला जवळजवळ १७ तास होतात, आणि नेमका हाच छोटा कोर्स ‘पटकन संपेल’ म्हणून निवडला जातो. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांचा अभ्यास केला. त्यात ऑनलाइन कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांचं आणि नापास होणाऱ्यांचं प्रमाण प्रत्यक्ष वर्गापेक्षा जास्त आढळलं. कोर्स सोपा असता तर चित्र उलटं दिसलं असतं. हजेरी घेणारं कुणी नसतं, पहिले दोन आठवडे तुंबतात, आणि मग दीडशे पानं एका रविवारी वाचायला बसावं लागतं.

आता विषय ‘छोटा’ असल्याची गोष्ट. पहिला अर्धा कोर्स बहुतेक ठिकाणी १८७७ पर्यंत येऊन थांबतो, पण सुरू १७७६ पासून होत नाही. कोलंबस १४९२ मध्ये बहामा बेटांवर उतरला; आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याने कधीच पाऊल ठेवलं नाही. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलं, म्हणजे आपल्याकडे राक्षसतागडीची लढाई झाली त्याच वर्षी. इंग्रजांचं जेम्सटाउन १६०७ चं, आणि शाळेच्या पुस्तकांत मान मिळवून बसलेलं मेफ्लॉवर जहाज १६२० चं. ते जहाज ज्या किनाऱ्याला लागलं तो काही निर्जन अरण्याचा नव्हता. १६१६ ते १६१९ दरम्यानच्या साथीने तिथली गावंच्या गावं ओस पडली होती. नवख्या इंग्रजांना मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम हा मूळचा तिथल्याच पटक्सेट गावचा. त्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये नेलं होतं. इंग्लंडमार्गे तो परतला तेव्हा गावात कुणीच उरलं नव्हतं. त्याला इंग्रजी कसं येत होतं, हा प्रश्न शाळेतल्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

गुलामगिरीबद्दलचा समज तर आकड्यांपाशीच कोसळतो. आफ्रिकेतून पकडून नेलेले बहुतेक लोक अमेरिकेत, म्हणजे आजच्या संयुक्त संस्थानांत गेले, असं सर्रास मानलं जातं. अटलांटिक ओलांडणाऱ्या गुलामांच्या जहाजांच्या सुमारे ३६ हजार फेऱ्यांची नोंद असलेला ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हा माहितीसंग्रह कुणालाही फुकट चाळता येतो. जहाजांवर चढवलेल्या माणसांचा त्यातला अंदाज सुमारे १ कोटी २५ लाखांचा आहे. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट उतरवलेले सुमारे ३ लाख ८८ हजार, तर एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या वर. मग १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक गुलाम कुठून आले? याचं उत्तर शोधताना विद्यार्थी व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यापर्यंत पोचतो: मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचा दर्जा घेई. इथे तो रिवाज मुद्दाम उलटवला. त्यामुळे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेलं मूलही त्याची मालमत्ता ठरलं. आकडा आणि कायदा शेजारी ठेवला की गुलामगिरी ही ‘त्या काळची रीत’ नसून कलमाकलमाने उभारलेली व्यवस्था होती, हे कुणी न सांगता कळतं. ती फक्त दक्षिणेत होती, हाही समज असाच. न्यूयॉर्क राज्यात ती १८२७ पर्यंत टिकली.

कागद वाचणं म्हणजे नेमकं काय, ते एका पानावर दाखवता येतं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ४ जुलै १७७६ रोजी सगळ्यांनी सह्या केल्या, हे अमेरिकन लोकही बिनदिक्कत सांगतात. काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव मंजूर केला २ जुलैला. ४ जुलैला फक्त मजकूर पक्का झाला, आणि त्या रात्री फिलाडेल्फियाच्या जॉन डनलॅप या मुद्रकाने तो छापला. त्या छापील पत्रकाच्या २६ प्रती आज माहीत आहेत. त्यातली एक पडद्यावर मोठी करून पाहा. तळाशी काँग्रेसचा अध्यक्ष जॉन हॅनकॉक, सचिव चार्ल्स थॉमसन आणि खुद्द मुद्रक यांची नावं आहेत, पण ती खिळ्यांनी छापलेली. सही एकही नाही. मथळ्यात ‘एकमताने’ हा शब्द नाही, कारण न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनी अजून मतच दिलं नव्हतं. चर्मपत्रावर लिहिलेल्या प्रतीवरच्या बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या. आणि सह्या करणाऱ्यांची नावं जगापुढे आली ती जानेवारी १७७७ मध्ये, बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गॉडर्ड या मुद्रक बाईंनी छापलेल्या पत्रकातून. राजद्रोहाच्या कागदावर आपलं नाव सहा महिने झाकून राहणं सह्या करणाऱ्यांना सोयीचंच होतं. या तीन प्रती शेजारीशेजारी ठेवून फरक लिही, असा गृहपाठ दिला तर सनावळ्या पाठ करून तो सुटत नाही. वर्गात साठ जणांच्या हाती झेरॉक्स देऊन तो इतका नीट होतही नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पडद्यावर आलेला दप्तरखाना शेवटी लिहिणाऱ्यांचाच. ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या सरकारी संग्रहात वॉशिंग्टन, जेफरसन, अ‍ॅडम्स अशा मंडळींचे पावणेदोन लाखांहून अधिक कागद आहेत. टिस्क्वांटमने स्वतः लिहिलेली एक ओळही नाही. अशा संग्रहावर विसंबलेला कोर्स मोठ्या माणसांचीच आरती ओवाळणार, ही भीती खोटी नाही. पण मालकाचा कागदही मालकाला नको ते बोलून जातो. १४ सप्टेंबर १७६९ च्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये थॉमस जेफरसनने जाहिरात दिली: सँडी नावाचा गुलाम पळाला आहे. वय सुमारे ३५, बुटका, अंगाने भरलेला, उजळ वर्णाचा; चपला-बूट शिवतो, त्यात डावा हात चालवतो, ढोबळ सुतारकामही येतं. जाताना पांढरा घोडा आणि आपली हत्यारं घेऊन गेला. बक्षीस परगण्यात सापडला तर ४० शिलिंग, परगण्याबाहेर पण वसाहतीच्या आत ४ पौंड, दुसऱ्या वसाहतीत १० पौंड. हत्यारं नेणारा माणूस पोट भरायची तजवीज करूनच निघालेला असणार, आणि तो किती लांब जाऊ शकतो हे मालकालाही ठाऊक होतं. बक्षिसाचे आकडेच ते सांगतात. सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणारा हात सात वर्षांनी तोच होता. अशा जाहिराती गोळा करणारा ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’ हा संग्रह कॉर्नेल विद्यापीठाने उभा केला आहे. तरी मूळ रहिवाशांच्या बाबतीत पोकळी राहतेच, आणि चांगला शिक्षक ती लपवत नाही. ऑनलाइन कोर्सात एआयकडून निबंध लिहून घेता येतो, हा दुसरा आक्षेपही खरा. ते वर्गात बसणाऱ्यालाही येतंच.

हे सगळं आपल्याला कशाला, असा प्रश्न मराठी वाचक विचारू शकतो. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. तो भारतातला होता असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो चिनी होता, भारतात तेव्हा चहाचे मळेच नव्हते. कर वाढवला म्हणून दंगा झाला, हाही गैरसमज. त्या वर्षीच्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. भांडण होतं कंपनीच्या मक्तेदारीचं आणि लंडनच्या संसदेला कर बसवायचा हक्क आहे की नाही याचं. बंगालच्या १७७० च्या दुष्काळात कंपनी कशी वागली, याचा दाखला वसाहतींमधल्या जॉन डिकिन्सन या लेखकाने १७७३ च्या नोव्हेंबरात टोपणनावाने काढलेल्या पत्रकात दिला होता. पुढे फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला, त्याच सुमाराला फ्रेंच वकील सें ल्युबँ पुण्यात नाना फडणविसांशी बोलणी करत होता आणि त्या धास्तीने कलकत्त्याच्या हुकमावरून इंग्रज फौज निघाली. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये भारतात गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहावेळी मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या बाजूला होते. आपण ज्याला पहिलं इंग्रज-मराठा युद्ध म्हणतो ते आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध एकाच वेळी चालू होतं.

प्रत्यक्ष कोर्स निवडताना मात्र दोन गोष्टींची गल्लत नको. येल विद्यापीठाची जोअॅन फ्रीमन यांची अमेरिकन क्रांतीवरची व्याख्यानमाला फुकट ऐकता येते आणि ती उत्तम आहे. पण ती ऐकून क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट हवे असतील तर मान्यताप्राप्त कॉलेजात रीतसर नाव नोंदवावं लागतं, आणि ते आपलं विद्यापीठ धरणार का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एका सत्रात ऑनलाइनचा एकच कोर्स, फार तर ३ क्रेडिट धरता येतात. इतिहासाचे ६ एका झटक्यात ऑनलाइन उडवायचा बेत तिथेच अडतो. नाव नोंदवण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागवून आठवड्यागणिक काय वाचायला दिलंय ते पाहावं. पत्रं, कायदे, खटले, जाहिराती असतील आणि त्यांवर लिहायला लावत असतील तर कोर्स घ्यावा. नुसते धडे आणि पर्यायी प्रश्न असतील तर दुसरं कॉलेज शोधावं.