काठीआधी पाणी

महाराष्ट्रातील हौशी मासेमारीवरचे लेखन बहुधा इंग्रज अंमलदाराच्या काठीपासून सुरू होते आणि परदेशी बनावटीच्या रिळापाशी येऊन थांबते. त्या अंमलदाराआधीच्या सगळ्या काळात इथली माणसे केवळ पोटासाठी मासे धरत होती आणि मौजेसाठी गळ टाकणे त्यांना साहेबाने शिकवले, असे ही मांडणी गृहीत धरते. ती इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही आणि व्यवहाराच्या कसोटीला तर मुळीच नाही, कारण या छंदाचा कणा अवजार नसून पाण्याची पारख हा आहे, आणि ती पारख नदीकाठच्या व खाडीकाठच्या माणसाजवळ साहेबाच्या कितीतरी आधीपासून होती.

इतिहासाचा पुरावा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींची जी जंत्री आहे, तीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण येते. मराठी वाचकाला हा ग्रंथ महाराष्ट्रातील स्त्रियांच्या ओवीगायनाच्या उल्लेखामुळे ठाऊक असतो. मात्र त्याच ग्रंथात समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मासे वेगळे काढून, कोणत्या जातीला कोणता चारा घालून ठरावीक जागेची सवय लावावी, गळाला आमिष कोणते लावावे आणि दोरी व काठी कशी असावी, याचे विवेचन आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यानंतरही साहेबाच्या काठीपासून आरंभ करण्याचा हट्ट ज्यांनी सोडला नाही, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

इंग्रजी काळाचे श्रेय नाकारण्याचेही कारण नाही, फक्त ते योग्य ठिकाणी द्यायला हवे. कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली आणि १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीराला ‘खुद्री’ हे नाव दिले. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याचे गळाच्या मासेमारीवरील पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि पुढच्या पिढ्यांच्या अंमलदारांनी ते प्रमाण मानले. मुंबईत १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला पवई तलाव त्या कामी निरुपयोगी ठरल्यावर गळ टाकणाऱ्यांच्या वाट्याला आला, आणि १९३६ पासून तो ज्या संस्थेकडे आहे तिचे आजचे नाव महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन असे आहे. सभासदत्व, मचाण, वजनकाटा आणि चषक यांचा हा इतिहास कागदोपत्री व्यवस्थित जपलेला असल्यामुळे त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. येथे एवढा उल्लेख पुरे.

महाशीर मात्र घाईने ओलांडता येत नाही. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा आणि वाहत्या, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहणारा हा मासा सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांचे भूषण होता. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनीच्या डोहात आणि वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथे शिवमंदिरापाशी देवाचे म्हणून राखलेले मासे आजही दिसतात. श्रद्धेने पाळलेला हा नियम संवर्धनाच्या आधुनिक कल्पनेहून जुना आहे. १९७० च्या दशकात टाटांच्या वीजकंपनीने लोणावळ्याला वळवणच्या जलाशयाशेजारी महाशीराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. त्यात राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा वाटा मोठा होता, आणि त्यामुळे या माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, देशभरातील जलाशयांत पोचली. या यशाची दुसरी बाजू पुढे उघडी पडली. दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला, तेथे तो फोफावला आणि त्या नदीचा स्वतःचा कुबडाचा महाशीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्या कुबडाच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचे नाव चढले. यातून घ्यायचा धडा असा की कोणत्याही पाण्यात कोणताही मासा सोडणे म्हणजे निसर्गसेवा, ही समजूत टाकून द्यावी. प्रत्येक तळ्यात उत्साहाने पिल्ले ओतणाऱ्या मंडळांना हे पटत नाही आणि असे प्रश्न विचारणारे त्यांना विघ्नसंतोषी वाटतात, तरीही धडा बदलत नाही.

धरणांच्या जलाशयांतील कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी यांच्याविषयी थोडक्यात सांगता येते. हे मासे चाऱ्याला येतात. भाजलेली शेंगदाण्याची पेंड, कणीक, हळद आणि किंचित हिंग यांचा गोळा त्यांना चालतो, आणि पावसाळ्यानंतर पाणी निवळू लागले की आश्विन-कार्तिकात त्यांची भूक चांगली असते. पैसे भरून गळ टाकायच्या खासगी तळ्यांत मासा मिळतो हे खरे, परंतु तो कोणीतरी आधी आणून सोडलेला असतो, आणि तेथे बसणाऱ्याला पाणी ओळखण्याची गरज पडत नाही.

या छंदाचे खरे विद्यापीठ कोकणच्या खाड्यांत आहे. गळाने मासे धरण्याला तिकडे गरवणे म्हणतात आणि गळाला गरी. गरवणारा मनुष्य पंचांग पाहूनच घराबाहेर पडतो, कारण खाडीतील मासा घड्याळापेक्षा पाण्याचे मानतो. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने हाती येते, हा जुना हिशेब अजूनही उपयोगी आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते हे आधुनिक कोष्टक याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार चढते व फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार मंद असतो, तो भांग. उधाणाच्या ऐन जोरात खाडीचे पाणी गढूळ होते, शिसे, म्हणजे दोरीला लावलेले वजन, तळाशी ठरत नाही आणि दोरी वाहून जाते. म्हणून अनुभवी माणूस उधाण ओसरतानाचे दिवस पसंत करतो, आणि त्या दिवसांतही भरतीचे पहिले दोन तास व सुकती, म्हणजे ओहोटी, लागतानाचा पहिला तास एवढीच वेळ कामाची मानतो.

जागेची निवडही अशीच पाण्यावरून ठरते. खारभूमीच्या बांधांना भरतीचे पाणी अडवण्यासाठी आणि शेतातले पाणी सोडण्यासाठी जी दारे असतात त्यांना उघाडी म्हणतात. सुकतीच्या वेळी उघाडीतून लहान मासे आणि कोलंबी बाहेर पडते आणि उघाडीच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. खडकांच्या कपारीत तांबोशी राहते आणि आमिष तोंडात धरताच बिळाकडे झेपावते, त्यामुळे पहिल्या दोन हातांत तिला बाहेर ओढले नाही तर दोरी खडकावर घासून तुटते. पालू आमिष आधी चाचपतो आणि मगच घेतो, म्हणून त्याच्या पहिल्या टोचणीला झटका देणारा नवखा रिकामा गळ वर काढतो. शेवट्याचे तोंड नाजूक असते. त्याला बारीक गळ, कणकेची लहान गोळी आणि संथ हात लागतो. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा धारदार असल्यामुळे गळाजवळचा हातभर भाग जाड तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोरीचा, ठेवावा लागतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन काटे विषारी असतात. तो टोचल्यास जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवली की वेदना बरीच उतरते, आणि काटा आत मोडला असल्यास डॉक्टर गाठावा.

या सर्व कामाला हातदोरी पुरते. बोटांवरून सरकणारी दोरी माशाची टोचणी, तळाचा चिखल, खडकाची कड आणि प्रवाहाचा ताण यांतला फरक जितका स्पष्ट सांगते तितका कोणतीही महागडी काठी सांगत नाही, आणि ज्याचा हात दोरीवर तयार झाला त्याला पुढे काठी वापरणे सोपे जाते. काठी हवीच असेल तर दोन-तीन पावसाळे खाल्लेला चिवा, म्हणजे कोकणातला बारीक भरीव बांबू, सावलीत वाळवून आणि निखाऱ्यावर शेकून सरळ केलेला, लहान माशांसाठी उत्तम असतो. हातदोरी म्हणजे गरिबाचा नाइलाज, अशी टिप्पणी काही जाणकार म्हणवणारे करतात. त्यांनी ती एकदा रात्रीच्या सुकतीला धरून पाहावी.

आमिषाच्या बाबतीत ताजेपणा हा एकच नियम आहे. जिवंत कोलंबी डोक्यातल्या काळसर ठिपक्याला धक्का न लावता डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी किंवा शेपटीजवळ टोचली तर ती बराच वेळ हालचाल करत राहते, आणि ती हालचालच माशाला बोलावते. गोड्या पाण्यात वाम आणि मरळ यांना गांडूळ किंवा लहान बेडूक चालतो. गळांचे क्रमांक नवख्याला गोंधळात टाकतात, कारण साध्या अंकांत अंक वाढला की गळ लहान होत जातो, तर एक-शून्य, दोन-शून्य या मालिकेत अंक वाढला की गळ मोठा होतो. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि ऐन वेळी तिथेच सुटते. रीळ वापरणाऱ्याने त्याची पकड दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकीच ठेवावी, म्हणजे मोठ्या माशाच्या पहिल्या धावेत दोरी तुटण्याऐवजी सुटत जाते. खडकावर उतरण्यापूर्वी निदान पाव तास लाटांचा अंदाज घ्यावा, हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये आणि समुद्राकडे पाठ करून आमिष लावत बसू नये. पावसाळ्यात तर खडकाचा मोह सोडावाच.

धरलेला मासा सोडण्याची पद्धत परदेशी फॅशन म्हणून हिणवली जाते, परंतु तिच्यामागचे कारण येथल्याच माशांत आहे. जिताडा जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणून खाडीतले सर्वांत मोठे जिताडे बहुधा अंडी घालणाऱ्या माद्या असतात. त्या मारून फोटो काढणारा पुढच्या हंगामाची पिल्लेच मारत असतो. मध्यम आकाराचा मासा घरी न्यावा आणि मोठी मादी सोडावी, हे खाणाऱ्यालाही परवडणारे धोरण आहे. सोडायच्या माशाला ओल्या हातानेच धरावे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकावा, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरावा व स्वतःहून निसटेपर्यंत सोडू नये. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेव्हा माशाला फार वेळ खेळवणे म्हणजे त्याला सोडूनही मारणे होय.

याच न्यायाने चढणीच्या माशांचाही विचार करायला हवा. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओढ्यांतून आणि भातखाचरांतून उलट्या प्रवाहाने अंडी घालण्यासाठी चढतात. त्यांना धरण्याची जुनी हौस समजण्यासारखी आहे, परंतु जेव्हा नद्या भरलेल्या होत्या तेव्हा ती परवडत होती. १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नदीकाठच्या हौशी माणसाने हीच बंदी स्वतःवर घालून घेतली तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आजची अवस्था मात्र उलट दिशेने चाललेली दिसते. गळ टाकणाऱ्यांजवळ पूर्वी कधी नव्हती इतकी उत्तम अवजारे आहेत, चकाकणारी कृत्रिम आमिषे आहेत, आणि पाणी मात्र कमी होत चालले आहे. ज्या मुळा-मुठेतल्या माशाने दख्खनी महाशीराला शास्त्रात स्थान मिळवून दिले, तिच्यात आज पुण्याचे सांडपाणी वाहते. पवईला गाळ आणि जलपर्णी यांनी वेढले आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला बंदी केल्यामुळे काही खाड्यांना आधार मिळाला, तरी पंपाने होणारा वाळूउपसा, कारखान्यांचे सांडपाणी आणि डोहांत फुटणारे जिलेटीन यांना आळा बसलेला नाही. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर जलाशयांत पोचला आहे. अशा वेळी छंदी मंडळींच्या चर्चा रिळाच्या दातांभोवती फिरत राहाव्यात, हे या छंदाच्या अधोगतीचे सर्वांत स्पष्ट लक्षण होय.

याला उपाय फार मोठा नाही. काठावर नियमाने बसणारा मनुष्य एखादी जात दिसेनाशी झाल्याचे, पाण्याचा रंग बदलल्याचे किंवा मासे मरून तरंगत असल्याचे सर्वांत आधी पाहतो. ते त्याने तारीख, तिथी आणि जागा यांसह लिहून ठेवले आणि संबंधित खात्याला कळवले, तर नदीविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार कोणत्याही सभासदत्वाच्या कार्डापेक्षा मोठा ठरेल. ज्या संस्थांना चषक वाटण्यापलीकडे काही करावयाचे आहे, त्यांनी पुढच्या हंगामापासून माशाच्या वजनासोबत या नोंदींची वही मागावी आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याला स्पर्धेत उतरू देऊ नये.