सप्टेंबरातला वॉलाय
मिनेसोटात सप्टेंबर लागला की तळ्याकाठच्या केबिनींवरची उन्हाळी गर्दी ओसरते आणि गळकऱ्यांचा खरा हंगाम सुरू होतो. पाणी थंडावू लागलं की वॉलाय पहाटे नि तिन्हीसांजेला छोट्या माशांमागे काठालगत येतो. १९६५ पासून हा राज्याचा अधिकृत मासा. याच्या डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो, म्हणून अंधुक उजेडात शिकार साधते. भर दुपारी त्याच्या नादी लागू नका. धक्क्यावर खुर्ची टाकून गांडुळावर ब्लूगिल मासे धरा, नाहीतर सरळ ताणून द्या! लायसन्स मात्र आधी काढा. वॉलायला काटे कमी, चव सौम्य. मी मालवणी मसाला चोळून, रव्यात घोळवून तव्यावर तळतो. इथले मित्र लोणी-लिंबावर अडून बसतात. बसोत बापडे.