पाण्यावरचे पाळणे

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर तेलीबाग हा उपनगरी भाग आहे. एका बाजूस छावणीचा परिसर, थोडे पुढे संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि जवळून वाहणारा शारदा कालवा ही त्याची सर्वपरिचित ओळख. परंतु पावसाळा सुरू झाला की अशा परिसराची आणखी एक ओळख समोर येते. सखल जागेत पाणी साचते, पाणकणीस वाढू लागते आणि त्याच्या आडोशाने पाणपक्ष्यांचे संसार सुरू होतात. थोडी चिकाटी आणि एक साधी दुर्बीण असेल, तर हे संसार आपल्या घराच्या गच्चीवरूनही पाहता येतात.

पावसाळाच का?

घरटे केव्हा बांधावयाचे हे मुख्यतः अन्नावर ठरते. पिल्ले अंड्याबाहेर येतील त्या दिवसांत किडे, गोगलगाई, बेडूक व लहान मासे विपुल असावे लागतात. पावसाळ्यात ही गरज भागते. शिवाय वाढलेली वनस्पती आडोसा देते आणि सभोवतालचे पाणी खंदकाप्रमाणे कुत्रा, मुंगूस यांना दूर ठेवते. मात्र हेच पाणी एका रात्रीत चढले, तर घरटे बुडते. म्हणून टिबुकली आपले घरटे तरंगते बांधते. सडलेल्या पाणवनस्पतींचा हा ढीग उभ्या वेतांना वा गवताला अडकवलेला असतो व पाण्याबरोबर वरखाली होतो. घरटे सोडताना ती अंड्यांवर ओले शेवाळ व पाने ओढून घेते. पाहणाऱ्यास तेथे केवळ कचरा दिसतो!

बालपणाचे दोन प्रकार

पाणपक्ष्यांची पिल्ले स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. बदके, टिबुकल्या, पाणकोंबड्या व टिटव्या यांची पिल्ले अंगावर मऊ लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि लवकरच घरट्याबाहेर पडतात. हळदी-कुंकू बदकाची पिल्ले आईमागे पोहत स्वतःच अन्न टिपतात. टिबुकलीची पिल्ले मात्र पहिले काही दिवस आईवडिलांच्या पाठीवर बसून फिरतात व त्यांच्याकडून घास घेतात.

याउलट बगळे, पाणकावळे, मुग्धबलाक यांची पिल्ले दुर्बळ जन्मतात व कित्येक आठवडे झाडावरील घरट्यातच राहतात. भर उन्हात पंख पसरून पिल्लांवर सावली धरणारा करकोचा हे दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. बगळ्यांची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. त्यामुळे थोरले पिल्लू बलवान व धाकटे दुबळे राहते. अन्न भरपूर असेल तर सर्व जगतात. टंचाई असेल तर धाकट्याचा बळी जातो, पण थोरले वाचते. निसर्गाचा हा हिशेब कठोर खरा, परंतु सर्वच पिल्ले उपाशी मरण्याचा धोका त्यामुळे टळतो.

कमळपक्ष्यांत तर आपल्या समजुतींना धक्का बसतो. मादी आकाराने मोठी असते व एका हंगामात अनेक नरांशी जोडी जमवते. चार अंडी घालून ती निघून जाते. उबवणे व पिल्ले सांभाळणे हे सर्व नर एकटाच करतो.

सारसाचे शेत

उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच. वाल्मीकींच्या करुणेला निमित्त झालेली क्रौंचाची जोडी सारसाचीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नर-मादी दोघे मिळून उथळ पाण्यात वा भातशेतात गवताचे मोठे घरटे रचतात. बहुधा दोन अंडी असतात आणि ती सुमारे महिनाभर दोघेही आळीपाळीने उबवतात. पिल्ले लवकरच चालू लागतात, पण उडावयास त्यांना सुमारे तीन महिने लागतात.

राज्यात २०२२ च्या गणनेत सुमारे १९ हजार सारस आढळले. महाराष्ट्रात मात्र मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात पन्नासहून कमी सारस उरले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. दोन्हीकडे सारसाचे भवितव्य मुख्यतः शेतकऱ्याच्या हाती आहे. घरट्यासाठी जाणारे पीक शेताच्या एका लहानशा तुकड्यापुरते असते. तेवढा तुकडा राखला, तर एक पिढी वाचते.

पाहण्याची शिस्त

घरट्याजवळ जाणे हे निरीक्षण नव्हे. पक्षी उठला की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्याला संधी मिळते. म्हणून दुरूनच पाहावे, एका जागी स्थिर बसावे व पंधरा-वीस मिनिटांत निघावे. पक्षी ओरडू लागला वा घरट्याभोवती घिरट्या घालू लागला, तर ताबडतोब मागे फिरावे. छायाचित्रासाठी गवत कापू नये. एकटे दिसणारे पिल्लू उचलून घरी आणू नये. त्याचे पालक बहुधा जवळच असतात.

एक वही मात्र जरूर ठेवावी. दिनांक, जागा, पक्ष्याचे नाव, दिसलेली पिल्ले. आज सहा, आठवड्याने चार, महिन्याने तीन. आपल्या खतावणीसारखीच ही नोंद वर्षानुवर्षे ठेवली की त्या पाणथळीची खरी शिल्लक कळते. ज्यांना अधिक पाहावयाचे असेल, त्यांनी लखनौ-कानपूर मार्गावरील नवाबगंजच्या शहीद चंद्रशेखर आझाद पक्षी अभयारण्यास भेट द्यावी. महाराष्ट्रातील वाचकांसाठी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आहे. ही दोन्ही स्थळे रामसर यादीत आहेत.

तळे की भूखंड?

वाढत्या शहरात सखल जागा प्रथम 'मोकळी' ठरते, मग भरावाखाली जाते आणि शेवटी भूखंड म्हणून विकली जाते. उत्तर प्रदेशातील एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच निर्णय दिला की तळी ही समाजाची सामाईक संपत्ती असून ती घरांसाठी वाटता येत नाहीत. म्हणून घरासाठी जागा घेताना महसुली नोंदीत ती 'तालाब' म्हणून तर दाखविलेली नाही ना, हे ग्राहकांनी तपासावे आणि आपणा अधिकाऱ्यांनीही कागदपत्रे पाहताना त्याकडे लक्ष द्यावे. अशा तारणाला अर्थ नसतो आणि तेथे बांधलेल्या घरात पुढे पावसाचे पाणीच हक्क सांगावयास येते.

तळे राखी तो पाणी चाखी, असे आपल्याकडे म्हणतात. या पावसाळ्यात आपल्या घराजवळचे एखादे तळे निवडावे, दुरून पाहावे व वहीत पहिली नोंद करावी. पुढील वर्षी त्याच पानावर दुसरी नोंद करता आली, तर ते तळे राखले गेले असे समजावे.